पाच सामन्यांची पत

मुलुंड सध्या पहिल्या क्रमांकावर आहे. बोरिवली तिसरी, घाटकोपर नववं आणि अंधेरी थेट सत्ताविसावी. ही यादी फ्लॅटच्या भावांची नाही आणि पावसात कुठे किती पाणी तुंबतं त्याचीही नाही. ही बास्केटबॉलची क्रमवारी आहे आणि ते बास्केटबॉल कुठल्याच मैदानावर खेळलं जात नाही. घाटकोपरला राहणारा माझा भाचा अकरावीत आहे. तो आणि त्याचे मित्र लॅपटॉपवर एक लीग चालवतात. तीस संघ, सगळे लोकलच्या स्टेशनांच्या नावांचे. अमेरिकेच्या एनबीएत ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्स असतात. आपल्याकडे वेस्टर्न आयतीच आहे, दुसरीला पोरांनी सेंट्रल म्हटलं. हार्बरवाल्यांना सेंट्रलमध्येच कोंबलंय, त्यावरून चेंबूरचा एक मुलगा अजून धुसफुसतोय. हार्बरचं नशीब कॉम्प्युटरमध्येही पालटत नाही.

खेळाचं नाव ‘बास्केटबॉल जीएम’. जीएम म्हणजे जनरल मॅनेजर. जेरेमी शेफ नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने तो बनवला, ब्राउझरमध्ये फुकट चालतो. पळणारे खेळाडू, उडणारा चेंडू, टाळ्या, असलं काहीही पडद्यावर दिसत नाही. दिसतात ती कोष्टकं. खेळाडूंची नावं मनची, प्रत्येकाला शंभरपैकी गुण. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला सोडायचं, पगाराची मर्यादा कशी सांभाळायची, हे तुम्ही ठरवायचं. सामना कॉम्प्युटर खेळतो. एक बटण दाबलं की एक दिवस सरतो. मनात आणलं तर ८२ सामन्यांचा आख्खा हंगाम चहा निवायच्या आत उरकता येतो. ही पोरं तसं करत नाहीत. दर रविवारी खेळातला एकच आठवडा पुढे ढकलतात आणि उरलेले सहा दिवस त्यावर भांडतात. हे मला फार आवडलं.

“पैसे लावतोस का रे?” हा घरातला पहिला प्रश्न होता, आणि तो त्याच्या आईने विचारला यात नवल नाही. ड्रीम इलेव्हन मुंबईतलीच कंपनी, हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये काढलेली. मोबाइलवर संघ लावायचा आणि वर पैसे लावायचे, ही सवय तिने घराघरांत नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे ते खेळ बंद झाले. तेव्हापासून मुलगा लॅपटॉपवर ‘टीम’ म्हणाला की आयांचे कान उभे राहतात. इथे पैशांचा संबंध नाही. पणाला लागते ती अब्रू, आणि ती दर रविवारी निघणाऱ्या ‘पॉवर रँकिंग’वर ठरते.

हे रँकिंग भाचा स्वतः हाताने बनवतो. कोण कितवा, आणि प्रत्येक संघापुढे एक ओळ. अंधेरीपुढे या आठवड्यात त्याने लिहिलं होतं, ‘मेट्रो दोन आल्या, मॅच एकच आली.’ ओळ चांगली आहे. क्रमांक चुकीचा आहे.

माझं म्हणणं तसं का आहे, ते आकड्यांनिशी सांगतो. मुलुंडने पाचपैकी चार सामने जिंकले, २, १, ४ आणि ३ गुणांनी. पाचव्यात बोरिवलीकडून २५ गुणांनी सपाटून मार खाल्ला. अंधेरी चार हरली: दादरकडून २ गुणांनी, ठाण्याकडून १ ने, विरार आणि कुर्ल्याकडून ३-३ ने. वडाळ्याला मात्र तिने ३१ गुणांनी लोळवलं. आता बेरीज करा. मुलुंड पाच सामन्यांत उणे १५, म्हणजे सामन्यामागे ३ गुणांनी मागे. अंधेरी अधिक २२, सामन्यामागे ४.४ गुणांनी पुढे. शेवटच्या चेंडूवर रिंगला लागून आत पडलेला किंवा बाहेर गेलेला एकेक बास्केट, एवढ्यावर एक संघ पहिला ठरला आणि दुसरा सत्ताविसावा.

“मामा, जिंकला तो जिंकला,” भाचा म्हणाला. “आणि वडाळ्याचे दोन मेन प्लेअर इंज्युअर्ड होते. ते ३१ काढून टाक ना, मग बघ तुझी अंधेरी.”

दुसरा मुद्दा बिनतोड आहे. पाच सामन्यांत एखादा एकतर्फी सामना सगळी सरासरी वाकवतो. पण मग तोच न्याय मुलुंडच्या चार निसटत्या विजयांनाही लावायला हवा, आणि तिथे त्याचा आवाज बसतो. मुलुंडचा मॅनेजर त्याचा जिवलग मित्र आहे, हेही सांगून ठेवतो.

मजा म्हणजे या खेळात कॉम्प्युटरचं स्वतःचंही रँकिंग असतं आणि पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ते यंत्र फक्त हार-जीत मोजत नाही. संघातल्या पहिल्या दहा खेळाडूंचे गुण धरतं, त्यातही सर्वांत चांगल्या खेळाडूला सर्वांत जास्त वजन देतं, कारण बास्केटबॉलमध्ये पाचच जण मैदानावर असतात आणि एकटा माणूस सामना फिरवू शकतो. त्यात ते किती गुणांच्या फरकाने जिंकलो-हरलो आणि अलीकडची कामगिरी मिसळतं. त्या यादीत अंधेरी सहावी आहे. मुलुंड चौदावं.

कॉम्प्युटरचं बरोबर का, हे समजायला एक गणित पुरे. समजा, तीसही संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नुसती नाणेफेक. पाच सामन्यांनंतर तक्ता कसा दिसेल? एखादा संघ पाचही जिंकलेला, एखादा पाचही हरलेला. चार-पाच संघ चार जिंकून एक हरलेले आणि तितकेच एक जिंकून चार हरलेले. म्हणजे तीसपैकी दहा-अकरा संघ ‘फॉर्मात’ किंवा ‘संकटात’ दिसणार, आणि त्यात कोणाचंही कर्तृत्व नाही, कोणाचाही दोष नाही. ८२ सामने झाल्यावरसुद्धा असा नाणेफेकीचा संघ साधारण तीनपैकी एकदा ३६ किंवा त्याहून कमी, नाही तर ४६ किंवा त्याहून जास्त विजयांवर जाऊन बसतो. पूर्ण हंगामात नशीब इतकं हलवतं, तर पाच सामन्यांत काय करत असेल! म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तक्त्यावर कमी आणि हंगामाआधी जे माहीत होतं त्यावर जास्त विश्वास ठेवायचा. अंधेरीचे खेळाडू चांगले आहेत, हे महिन्यापूर्वी याच पोरांनी एकमताने मान्य केलं होतं. मधल्या काळात त्या खेळाडूंचं काहीही बिघडलेलं नाही.

हा नुसता लॅपटॉपवरचा वाद असता तर मी त्यावर सदर खर्ची घातलं नसतं. खऱ्या बास्केटबॉलमध्ये अशाच पाच सामन्यांवर माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, आणि त्या गोष्टीचं एक टोक आपल्या जुहूत आहे. विवेक रणदिवे जुहूचे. मुंबईत वाढले, अमेरिकेत गेले, सॉफ्टवेअरमध्ये मोठे झाले आणि २०१३ मध्ये त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएचा संघ घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते आपला संघ घेऊन मुंबईत आले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने झाले. भारतात एनबीएचे संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलं बोलावली होती. तो जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सने जिंकला. दुसरा तर त्यांनी १३०-१०६ असा आरामात घेतला. हे बघून कोणी रँकिंग लावलं असतं तर? पेसर्स अमेरिकेत परतले आणि खऱ्या हंगामातले पहिले तिन्ही सामने हरले. त्याच हंगामाच्या शेवटी त्यांच्या नावावर ४५ विजय आणि २८ पराभव होते.

रणदिवेंच्या किंग्जची कथा याहून रंगतदार आहे. २००६ नंतर सोळा हंगाम हा संघ बाद फेरीत पोचला नव्हता. २०२२ मध्ये त्यांनी माइक ब्राउन यांना प्रशिक्षक नेमलं. हे ब्राउन म्हणजे पाच सामन्यांचा तडाखा अंगावर घेतलेला माणूस. २०१२ मध्ये ते लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक होते. कोबी ब्रायंटच्या जोडीला स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आलेले, सगळीकडे बोलबाला. नॅश दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. पहिल्या पाच सामन्यांत एक विजय, चार पराभव; आमच्या अंधेरीसारखेच. लेकर्सने ब्राउन यांना काढून टाकलं. ८२पैकी ७७ सामने बाकी होते! नवा प्रशिक्षक आला, संघ ४५ जिंकून सातवा आला आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात चारही सामने हरून घरी गेला.

दहा वर्षांनी किंग्जकडे आल्यावर ब्राउन पहिले चारही सामने हरले. सॅक्रामेंटोतल्या लोकांनी डोक्याला हात लावला असणार. पण या वेळी कोणी त्यांना हात लावला नाही. किंग्जने तो हंगाम ४८ विजय आणि ३४ पराभवांनी संपवला, पश्चिम विभागात तिसरे आले, सोळा हंगामांचा दुष्काळ संपला आणि ब्राउन वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, तेही एकमताने, जे त्याआधी कधी झालं नव्हतं. पुढचं सांगितलं नाही तर गोष्ट फारच गोड होईल. डिसेंबर २०२४ मध्ये १३ विजय आणि १८ पराभव झाल्यावर रणदिवेंच्या त्याच संघाने ब्राउन यांना घरी बसवलं. एकतीस सामने हा पाचापेक्षा बरा पुरावा, पण अर्धा हंगामसुद्धा नव्हे. लॅपटॉपवरच्या खेळातला मालक अधिक सोशिक आहे. तो नव्या मॅनेजरला पहिल्या दोन-तीन हंगामांत काढत नाही आणि काढायचं झालंच तर हंगाम पुरा झाल्यावर काढतो.

उलटं उदाहरणही आहे. २०२१च्या हंगामात वॉशिंग्टन विझार्ड्सने पहिल्या तेरापैकी दहा सामने जिंकून पूर्व विभागात पहिला नंबर गाठला होता. हंगाम संपला तेव्हा ३५ विजय, ४७ पराभव. बाद फेरी नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. मुंबई इंडियन्स २०१५च्या आयपीएलमध्ये पहिले चारही सामने हरली होती, आणि तेव्हा लोकलच्या डब्यात कर्णधार रोहित शर्माबद्दल काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर त्याच संघाने चेन्नईला ४१ धावांनी हरवून करंडक उचलला. हे उदाहरण दिल्यावर भाच्याचा चेहरा पहिल्यांदा जरा विचारात पडल्यासारखा झाला. विझार्ड्सवर त्याने फक्त खांदे उडवले होते.

मग सुरुवातीच्या आठवड्यांत रँकिंग लावूच नये का? असं मी मुळीच म्हणणार नाही. या पोरांचं बास्केटबॉल त्या यादीमुळेच जिवंत आहे. नाही तर आपल्या उपनगरांत या खेळाला जागा कुठे आहे? मुंबईचं बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा. अब्बास मुंतसीर तिथले, भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा बास्केटबॉल संघ एकदाच खेळला, सगळे सामने हरला, आणि पुन्हा कधी पात्र ठरला नाही. उपनगरांत नव्या टॉवरच्या जाहिरातीत बास्केटबॉल कोर्ट हमखास असतं. राहायला गेल्यावर बघावं तर एक रिंग, तीही जाळीशिवाय, आणि तिच्याखाली कोणाची तरी एसयूव्ही उभी. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, व्हिजिटर पार्किंग आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलाला संघाचा समतोल, खेळाडूचं वय, पगाराची मर्यादा आणि तिसऱ्या क्वार्टरमधली दमछाक हे सगळं कळतं, ते या कोष्टकांमुळे. भाच्याला झोन डिफेन्स म्हणजे काय ते माझ्यापेक्षा नीट सांगता येतं. त्याने खरा बास्केटबॉल हातात धरून किती दिवस झाले, हे विचारायचं मी टाळलं.

तेव्हा यादी निघू दे. माझी मागणी एवढीच आहे की क्रमांकाशेजारी आणखी दोन रकाने असावेत. एकात सामन्यामागे किती गुणांनी पुढे किंवा मागे, दुसऱ्यात आतापर्यंत कोणाकोणाशी आणि कुठे खेळलात. मुलुंडच्या पाचपैकी चार सामने घरच्या मैदानावर झाले आहेत आणि या खेळातही घरच्या मैदानाचा फायदा मोजला जातो, हे यादी वाचणाऱ्याला कळायला हवं. भाचा म्हणतो, दोन रकाने वाढवले तर मोबाइलच्या स्क्रीनवर ‘कमेंट’ची ओळ मावणार नाही. मग ओळ छोटी कर, मी म्हटलं. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.

अंधेरीचा मॅनेजर बिचारा जोगेश्वरीचा आहे. गेल्या रविवारी त्याने आपला सर्वांत चांगला गार्ड विकायला काढला होता, दोन तरुण खेळाडूंच्या बदल्यात, आणि समोर गिऱ्हाईक होतं मुलुंडच. हा लेख शनिवारी छापून येतोय, व्यवहाराची मुदत रविवारी दुपारी संपते. जोगेश्वरीकडे कोणी ओळखीचं असेल तर त्या मुलाला एवढं कळवा: गार्ड विकू नकोस, निदान वीस सामने होऊ देत.