भीतीचे बटण आपल्या हाती

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. जेवण झालेले असते. अशा वेळी आठवड्यातून दोन-तीनदा मी कानाला हेडफोन लावतो आणि संगणकाच्या पडद्यावरच्या एका गंजक्या पाणबुडीत जाऊन बसतो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘दिवसभर वॉर्डात कमी भीती बघता का, म्हणून घरी येऊन आणखी?’’

प्रश्न रास्त होता. पन्नाशी ओलांडलेल्या सरकारी डॉक्टरने घरी येऊन नाट्यसंगीत ऐकावे, फार तर शतपावली करावी, अशी लोकांची अपेक्षा असते. भीतीचा व्हिडिओ गेम खेळून कुणाला विश्रांती कशी मिळेल?

गेमचे नाव ‘आयर्न लंग’. डेव्हिड शिमान्स्की यांनी तो २०२२ मध्ये आणला. तेव्हा त्याची किंमत साधारण सहा डॉलर होती, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या गेमच्या दहावा हिस्सा. भाच्याने तो मला भेट दिला, ‘‘मामा, नाव तुझ्या लाइनमधलं वाटलं’’ म्हणून. नाव आमच्या लाइनमधलेच आहे. पोलिओमुळे श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला मानेपर्यंत ज्या लोखंडी पिंपात ठेवत, ते यंत्र म्हणजे आयर्न लंग. १९२८ मध्ये बोस्टनमध्ये ते प्रथम रुग्णासाठी वापरले गेले.

गेममध्ये मात्र तुम्ही एक कैदी असता. छोट्या पाणबुडीत तुम्हाला बंद करून रक्ताच्या समुद्रात सोडलेले असते. बाहेरचे काही दिसत नाही. हातात एक नकाशा, समोर दिशा आणि स्थान सांगणारे आकडे, आणि बटण दाबले की बाहेरचा एक धूसर फोटो. एवढ्यावर पाणबुडी चालवायची. बाहेर काहीतरी आवाज करते, ते काय आहे ते कळत नाही.

हे वर्णन ऐकून फिजिशियनला आपले कामच आठवेल. रुग्णाच्या पोटात, छातीत काय चालले आहे ते आम्हालाही थेट दिसत नसते. नाडी, रक्तदाब, एक्स-रे, चार रिपोर्ट यांवरून अंदाज बांधत पुढे जायचे. फरक एकच, पण तोच महत्त्वाचा. पाणबुडी खडकावर आपटली तर दाराबाहेर कुणाची आई उभी नसते.

भीती वाटली की मेंदूतील अमिग्डाला हा भाग सावध होतो, अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी धावू लागते. धोका टळला की शरीर हळूहळू पूर्वपदावर येते. वॉर्डातला ताण असा टळत नाही. एक रुग्ण सावरतो तोवर दुसरा दाखल होतो आणि तो ताण आपण घरी घेऊन येतो. गेममधल्या भीतीला सुरुवात असते, शेवट असतो आणि मुख्य म्हणजे ती बंद करण्याचे बटण आपल्या हाती असते.

डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘भुताच्या घरा’त शिरलेल्या लोकांच्या नाडीचे ठोके मोजले होते. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक मजा आली ती मध्यम भीतीत. फार कमी भीतीत कंटाळा आला, फार जास्त भीतीत त्रास झाला. आपल्या आजीची भुताची गोष्टही याच मापाची असे: अंगावर काटा येईल इतकी भीतीदायक, पण तिच्या कुशीत शिरले की झोप लागेल इतकी सुरक्षित.

कामानंतर माणूस ताजातवाना कसा होतो, यावर झाबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: कामापासून मन सुटणे, शरीर-मन सैलावणे, काहीतरी नवे जमणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. यात गाणे की गेम, असा भेद नाही. म्हणून कुणाच्या विरंगुळ्याकडे पाहून नाक मुरडू नये, असे माझे मत आहे. तो प्रतिष्ठित आहे का, यापेक्षा त्याने दुसरा दिवस कसा जातो, हे पाहावे.

ही कसोटी मी स्वतः एकदा नापास झालो आहे. एका पावसाळ्यात मण्यार चावलेला एक तरुण आमच्याकडे आला. वाटेत श्वास मंदावल्याने रुग्णवाहिकेत अँब्यू बॅग दाबत आणला होता. व्हेंटिलेटरवर घेतला, प्रतिविष दिले, पण उशीर झाला होता. त्या रात्री मी गेम लावला आणि दोन वाजेपर्यंत उठलो नाही. खेळात लक्ष नव्हते. फक्त त्याच्या वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ नये, एवढेच हवे होते. सकाळी राउंडला एका रुग्णाचे इन्शुलिन मी चौदाऐवजी चाळीस युनिट लिहिले. सिस्टरांनी कागद पुढे धरून हळूच विचारले, ‘‘सर, चौदाच ना?’’

सिस्टरांमुळे अनर्थ टळला. दुपारी रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला घेऊन चहाला बसलो, त्या तरुणाबद्दल बोललो. तोही झोपला नव्हता. अर्ध्या तासात जे हलके वाटले, ते रात्रीच्या चार तासांत वाटले नव्हते. थकवा गेमने उतरू शकतो. दुःख कुणाजवळ तरी बोलावेच लागते.

तेव्हापासून माझे नियम ठरले आहेत. झोपेच्या तासभर आधी गेम बंद. रुग्ण दगावला त्या दिवशी गेम नाही. खेळून उठल्यावर खांदे सैल झाले नाहीत, उलट छातीत धडधड राहिली, तर आठवडाभर सुट्टी. ज्यांना हृदयविकार, अपस्मार किंवा एखाद्या आघाताच्या आठवणींचा त्रास आहे, त्यांनी या वाटेला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि गेम स्वस्त आहे म्हणून तो मुलांचा आहे, असे पालकांनी समजू नये.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’चे वर्णन आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केले आहे. त्यामुळे सलग ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला किंवा एकटीने सगळा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला ‘घरी जाऊन मन रमवा’ असे सांगणे पुरेसे नाही. तिथे रिकामी पदेच भरावी लागतात.

बाकी आज सगळे रुग्ण ठीक आहेत. साडेनऊ वाजले की मी पाणबुडीत असेन. साडेदहाला पत्नी दिवा मालवते, तेव्हा बाहेर.