टी-शर्ट नको, टेकू द्या!

तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. रात्री जागून बघता त्या वेब सीरिज, धडधडत्या छातीनं उघडता ते रिझल्टचं पोर्टल, कॅन्टीनमध्ये स्कॅन करता तो क्यूआर कोड, या सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे ओपन सोर्स सॉफ्टवेअर राबत असतं. जगातल्या सर्वात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर्सची एक यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. पाचशेपैकी पाचशे! १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं 'हौस म्हणून करतोय' असं सांगत सुरू केलेल्या उद्योगाची ही मजल.

हे सगळं तुम्ही टेक फेस्टच्या उद्घाटनाच्या भाषणात ऐकलेलं असेल. त्या भाषणात एक प्रश्न सहसा येत नाही. हे सगळं सांभाळतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर जगाला २०२४ मध्ये मिळालं, तेही अर्ध्या सेकंदामुळे.

'एक्सझेड' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. काम साधं. मोठी फाइल दाबून लहान करायची, लागेल तेव्हा उलगडायची. झिपचा भाऊ म्हणा ना! पण ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडमधले लासे कोलिन ते वर्षानुवर्षं जवळपास एकट्यानं सांभाळत होते. पगार नाही, ऑफिस नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

२०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला आलं. नीट, नेमके बदल पाठवायचं. मग २०२२ मध्ये काही अनोळखी नावं कोलिन यांच्या मागे लागली. कामं रखडली आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या, असा त्यांचा सूर. त्यातलं एक नाव तर 'जिगर कुमार' असं आपल्याकडचं वाटणारं होतं, बहुधा खोटंच. कोलिन यांनी उत्तर दिलं, की रस संपलेला नाही, पण बऱ्याच काळापासून मानसिक आरोग्याचा त्रास असल्यामुळे फार करता येत नाही. आणि हा बिनपगारी छंद आहे, हेही लक्षात असू द्या. पुढे हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळत गेले. नव्या आवृत्त्या तोच काढू लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा होता. एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायची जी सोय जगभरचे इंजिनीअर रोज वापरतात, तिलाच तो आतून जोडलेला. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला अशा सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. धोक्याच्या मोजपट्टीवर या प्रकाराला १० पैकी १० गुण मिळाले. तुमच्या कुठल्याच पेपरात मिळाले नसतील असे!

तो पकडला कुणी? अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनीअरनं. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. वेगाच्या चाचण्या घेताना त्यांना दिसलं, की लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तुम्ही-आम्ही 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी खोदत खोदत तळ गाठला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केलं. तोवर हा चोरदरवाजा डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणीतल्या आणि सतत अपडेट होणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता. आणखी काही महिने गेले असते तर तो जगभरच्या सर्व्हरवर जाऊन बसला असता. जिया टॅन कोण होता, की होते, हे आजवर उघड झालेलं नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा विजयाची म्हणून सांगतात. कोड उघडा होता म्हणूनच चोरी सापडली, असं. ते अर्धं खरं आहे. उघडा होता म्हणून फ्रॉइंड यांना तळापर्यंत जाता आलं, हे मान्य. पण चोरदरवाजा लपवला होता चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींमध्ये. तो कोड वाचून कुणाला सापडला नाही, एका चिकित्सक माणसाला तो खटकला.

मला यातली दुसरीच गोष्ट टोचते. जगभरात वापरल्या जाणाऱ्या त्या सॉफ्टवेअरसाठी दोन वर्षं चिकाटीनं मदत करायला एकच माणूस पुढे आला. आणि तो चोर निघाला. प्रामाणिक माणसं कुठे होती?

मांडवात गर्दी, विसर्जनानंतर कोण?

एक्सझेड हा अपवाद असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'इन्ग्रेस एनजीनेक्स' हा प्रकल्प गुंडाळण्याची घोषणा झाली. क्लाउडवर चालणाऱ्या असंख्य सेवांच्या दारात उभा राहून कोणती विनंती कुठे पाठवायची हे ठरवणारा हा दरवान. मार्च २०२६ नंतर दुरुस्त्या बंद, सुरक्षेचे अपडेटही बंद. कारण सांगितलं ते साधं होतं. वर्षानुवर्षं एक-दोन माणसं नोकरीनंतरच्या वेळात आणि शनिवार-रविवारी हे काम करत होती, आणि वारंवार हाका मारूनही पुरेशी मदत आली नाही.

आपल्याकडच्या मंडळाच्या कार्यकर्त्याला हे लगेच कळेल. आरतीला चाळ भरून माणसं, प्रसादाला तर रांग. विसर्जनानंतर मांडव सोडवायला, बांबू मोजून परत द्यायला आणि हिशेब लिहायला तीच चार टाळकी. ओपन सोर्सचं नेमकं हेच झालंय. फरक इतकाच, की या मांडवाखाली बँका, हॉस्पिटलं आणि सरकारंही बसलेली आहेत.

आता आपल्याकडे येऊ. गिटहबच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात भारतातून ५० लाखांहून जास्त नवे डेव्हलपर तिथे दाखल झाले. गुगल समर ऑफ कोडमध्ये आपली पोरं वर्षानुवर्षं आघाडीवर असतात. म्हणजे हातांची कमी नाही. मग मदत कमी का पडते?

कारण आपल्यातले बरेच जण मदतीला जातच नाहीत, हजेरी लावायला जातात. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा. चार पुल रिक्वेस्ट पाठवा, टी-शर्ट मिळवा, अशी योजना होती. एका यूट्यूब व्हिडिओत 'हे किती सोपं आहे' ते दाखवलं गेलं आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी माहितीच्या फायलीत एक विशेषण घुसवलं, कुणी स्वल्पविराम हलवला. शेवटी आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल तिथलंच काम मोजलं जाईल. २०२४ च्या सुरुवातीला 'एक्स्प्रेस' या प्रसिद्ध प्रकल्पावर तीच पाळी आली. शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून तो दाखवला गेला आणि विद्यार्थ्यांनी स्वतःचं नाव जोडण्याच्या रिक्वेस्टचा ढीग लावला. यातलं एकेक पाखडून बाजूला काढायला तीच थकलेली एक-दोन माणसं!

त्यात आता एआय आलं. 'कर्ल' हे अब्जावधी उपकरणांत असलेलं सॉफ्टवेअर. ते चालवणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग सुरक्षेची त्रुटी दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायचे. एआयकडून लिहून घेतलेल्या, भारदस्त दिसणाऱ्या पण पोकळ तक्रारी इतक्या येऊ लागल्या, की जानेवारी २०२६ च्या अखेरीस त्यांनी बक्षीस योजनाच बंद केली. पी हळद आणि हो गोरी, ही वृत्ती कोणत्याही एका देशाची नाही. पण ५० लाख नवे लोक आपले असतील तर जबाबदारीचा मोठा वाटाही आपलाच.

'आम्ही फुकट का राबायचं?'

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. फी, हॉस्टेलचं भाडं, डोक्यावर एज्युकेशन लोन. मोठमोठ्या कंपन्या ज्या कोडवर कमावतात तो आम्ही मोफत का सांभाळायचा? आणि प्लेसमेंटला 'गिटहब प्रोफाइल दाखवा' म्हणतात, त्याचं काय?

पहिलं म्हणजे, कंपन्यांनी पैसे मोजलेच पाहिजेत. थोडी सुरुवात आपल्या देशातही झाली आहे. 'झिरोधा'नं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फ्लॉस फंड' सुरू केला. दरवर्षी १० लाख डॉलर ओपन सोर्स प्रकल्पांना द्यायचे, असा त्यांचा निश्चय आहे. मुंबईच्या 'फ्रॅपे'नं 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेब-व्यवहाराचं सॉफ्टवेअर खुलं ठेवून त्यावर कंपनी उभी केली. म्हणजे खुलं ठेवणं आणि पोट भरणं यांचं हाडवैर नाही. पण एक-दोन कंपन्यांनी भागत नाही. बाकीच्यांना हा प्रश्न तुम्ही इंटरव्ह्यूत विचारू शकता: 'सर, तुम्ही जे ओपन सोर्स वापरता त्याला कंपनी काय देते?' विचारून तर बघा.

दुसरं, तुम्ही कुणाचं देणं लागत नाही. फुकट वापरण्याची मुभा लायसन्सनंच दिलीय, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. मुद्दा तुमच्या फायद्याचा आहे. चार वर्षांत चाळीस प्रकल्पांना बोट लावून तुम्हाला हिरवे चौकोन मिळतील. एकाच प्रकल्पात वर्षभर टिकलात तर दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायला शिकाल, 'हे चुकलंय, परत कर' हे ऐकून घ्यायला शिकाल, आपल्यापेक्षा हुशार माणूस कसा विचार करतो ते बघाल. सिलॅबसमध्ये यातलं काही नाही. आणि 'कोड तर एआय लिहितं' अशा काळात लिहिलेला कोड बरोबर आहे का हे कळणाऱ्या माणसाची किंमत वाढणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मग करायचं काय?

रोज वापरता असं एक सॉफ्टवेअर निवडा. एकच. व्हीएलसी असेल, फायरफॉक्स असेल, लिब्रेऑफिस असेल. पहिला महिना काहीही पाठवू नका, नुसतं वाचा. मग कुणीतरी नोंदवलेली जुनी तक्रार घ्या आणि ती तुमच्या मशिनवर पुन्हा घडते का ते तपासा. घडली तर कशी, कोणत्या आवृत्तीत, ते नीट लिहा. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणूनच ते सोन्यासारखं आहे.

कोडिंग येत नाही? आर्ट्सला आहात? मग तर तुमची जास्त गरज आहे. लिब्रेऑफिस मराठीत उपलब्ध आहे, पण भाषांतर हे एकदा करून संपणारं काम नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे शब्द येतात. कुणी सांभाळलं नाही तर अर्धा मेनू मराठी, अर्धा इंग्रजी असं कडबोळं होतं. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'ला तुमचा आवाज देता येतो. तिथे पुण्याबरोबर नांदेडची, चंद्रपूरची, मालवणची मराठी पोचली, तर उद्याची यंत्रं ती समजतील. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेले कित्येक देवनागरी फाँट कुणालाही मोफत वापरता येतात. तुम्ही फेस्टच्या पोस्टरवर ते वापरलेही असतील. त्यात एखादं जोडाक्षर फुटताना दिसलं तर ते कळवणं, हेही योगदानच.

आणि कॉलेजांनो, तुम्हीही ऐका. दरवर्षी फायनल इयरला किती 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' तयार होतात? व्हायवा झाला की त्या पेनड्राइव्हमध्ये कायमच्या झोपतात. त्याऐवजी चालू ओपन सोर्स प्रकल्पात वर्षभर केलेलं काम फायनल प्रोजेक्ट म्हणून का धरू नये? पुरावा उघड्यावर असेल, तारखांसकट. कॉपी करायची सोयच नाही.

जिया टॅनला एक गोष्ट बरोबर कळली होती. या जगात कोडची टंचाई नाही, टिकून राहणाऱ्या माणसांची आहे. त्या टंचाईतूनच त्यानं आत शिरायची वाट काढली. ती वाट बंद करायला फार मोठे प्रोग्रामर लागत नाहीत. लासे कोलिन यांच्यासारख्या दमलेल्या माणसाला 'तुम्ही जरा आराम करा, तोवर हे आम्ही बघतो' असं म्हणणारी आणि खरंच बघणारी दोन-चार प्रामाणिक पोरं लागतात. त्यातलं एक तुम्ही का नसावं?