दोन मोटारींच्या तुलनेतील तिसरा पक्ष

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करावी, गुणदोष पारखावेत आणि मगच खिशात हात घालावा, ही मध्यमवर्गीय घरांतील जुनी शिकवण आहे. शिवणयंत्र असो की शीतकपाट, दोन कंपन्यांची माहितीपत्रके समोर ठेवून होणाऱ्या चर्चेत घरातल्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात. हीच रीत आता कोट्यवधी रुपयांच्या मोटारींनाही लागू झाली आहे. जीपगाडीसारखा उंच बांधा, दिवाणखान्यासारखी आरास आणि शर्यतीच्या गाडीचा वेग या तिन्ही गोष्टी एकत्र आणणाऱ्या ‘एसयूव्ही’ मोटारींच्या तुलनेचे तक्ते हौसेने तयार होतात आणि त्याहून अधिक हौसेने वाचले जातात. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती मोटार कधीच घ्यावयाची नसते. शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला या तुलनेशी काय कर्तव्य, असा प्रश्न त्यामुळे कोणी विचारील. कर्तव्य आहे, कारण ज्या रस्त्यावर ही मोटार धावणार तो रस्ता त्यांचाही आहे, आणि तुलनेच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

उदाहरण म्हणून दोन नामांकित मोटारी घेऊ. एक जर्मनीच्या पोर्शे कंपनीची २०२१ मध्ये आलेली ‘कायेन टर्बो जीटी’ आणि दुसरी इटलीच्या लँबोर्गिनीची २०२२ मधील ‘उरुस परफॉर्मान्ते’. पहिलीची शक्ती ६४० अश्वशक्ती, दुसरीची ६६६. पहिलीचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटर, दुसरीचा ३०६. उभ्या अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठावयास दोघींनाही ३.३ सेकंदच लागतात. वजन पहिलीचे सुमारे २,२२० किलो, दुसरीचे सुमारे २,१५०. भारतात आल्या तेव्हा पहिलीची किंमत अडीच कोटी रुपयांच्या थोडी पुढे होती, तर दुसरीची सव्वाचार कोटींच्या घरात. म्हणजे २६ अश्वशक्ती आणि ताशी सहा किलोमीटर अधिक मिळावेत म्हणून दीड कोटीहून अधिक रुपये मोजावयाचे, असा तक्त्याचा रोखठोक अर्थ होतो.

हा हिशेब आणखी थोडा खोलात जाऊन पाहिला तर गंमत वाढते. लँबोर्गिनी ही कंपनी १९९८ पासून आउडीच्या मालकीची आहे. आउडी आणि पोर्शे दोन्ही फोक्सवागेन समूहातील. या दोन मोटारींचा मूळ सांगाडा एकाच आराखड्यावर बेतलेला आहे. दोघींत आठ सिलिंडरांचे, दोन टर्बोचार्जर जोडलेले, ३,९९६ घनसेंटिमीटर क्षमतेचे एकाच घराण्यातले इंजिन आहे आणि त्याचा कमाल पीळही दोन्हीकडे ८५० न्यूटन-मीटर, म्हणजे अगदी सारखा आहे. सख्ख्या नाहीत तरी या चुलत बहिणी खऱ्याच. त्यांच्यातला फरक आवाजात आहे, बांध्याच्या रेषांत आहे, आसनांच्या शिलाईत आहे आणि मुख्यतः नाकावरील बोधचिन्हात आहे. या दोन्ही नावांनी एके काळी ट्रॅक्टरही विकले गेले आहेत. लँबोर्गिनीचा तर धंदाच ट्रॅक्टरपासून सुरू झाला. शेताच्या बांधावरून निघालेली ही नावे कोठवर पोहोचली याचे कौतुक वाटावे हे साहजिक आहे.

कौतुकाचा भाग नाकारण्याचे कारण नाही. सव्वादोन टनांचे धूड वळणावर तोल न जाऊ देता सांभाळणे हे अभियांत्रिकीचे असामान्य यश आहे. जर्मनीतील न्यूरबर्गरिंग या २०.८ किलोमीटरच्या अवघड शर्यतमार्गावर ‘टर्बो जीटी’ने २०२१ मध्ये ७ मिनिटे ३८.९ सेकंदांत फेरी पुरी केली. या मोटारींचे ब्रेक उत्तम असतात, टायर उत्तम असतात, आतील माणसांच्या रक्षणाची व्यवस्थाही चोख असते. कष्टाने मिळविलेल्या पैशातून कोणी अशी मोटार घेतली तर त्याच्या हौसेवर आक्षेप घेण्याचा अधिकार इतरांना नाही, हा युक्तिवादही मान्य करता येईल. परंतु हौस जोवर घराच्या चार भिंतींत आहे तोवरच ती खासगी असते. रस्त्यावर उतरताच तिचा जमाखर्च सार्वजनिक होतो.

शर्यतमार्गावरून आपल्या रस्त्यावर यावे. आपल्या देशात २०१८ च्या अधिसूचनेनुसार द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथेही या मोटारींना आपल्या वेगाच्या निम्म्याहून कमीच वापर कायद्याने करता येईल. उरलेला ताशी १८० किलोमीटरचा वेग कोठे वापरावयाचा? तो एकतर कधीच वापरावयाचा नाही, म्हणजे निव्वळ मिरवावयाचा. किंवा कायदा मोडून वापरावयाचा. तक्त्यातील सर्वांत ठळक आकडा असा या दोन शक्यतांच्या पलीकडे जातच नाही.

३.३ सेकंदांचा आकडाही पायी चालणाऱ्याच्या बाजूने पाहण्यासारखा आहे. रस्ता ओलांडणारे माणूस साध्या चालीने तेवढ्या वेळात सुमारे चार मीटर जाते. म्हणजे वाहनांची एक पदरी जेमतेम पार करते. पाऊल टाकताना तिने उजवीकडे पाहिले तेव्हा पन्नास मीटरवर उभी असलेली मोटार, ती दुसऱ्या पदरीत पोहोचते न पोहोचते तोच ताशी शंभराच्या वेगाने तिच्याशी येऊन ठेपलेली असू शकते. वाहनाचे अंतर पाहून त्याच्या वेगाचा अंदाज बांधावयास आपण लहानपणापासून शिकलो, ते बस, ट्रक आणि साध्या मोटारी पाहून. त्या अंदाजात ३.३ सेकंद बसत नाहीत.

वेगाला वजनाची जोड मिळाली की गणित अधिकच बिघडते. गतिजन्य ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही सुमारे साडेसहाशे किलो वजनाची आणि चाळीस अश्वशक्तीहूनही कमी ताकदीची मोटार होती. ती ताशी पन्नासने जात असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असे, तिच्या तेरापटींहून अधिक ऊर्जा ताशी शंभरने जाणाऱ्या सव्वादोन टनांच्या मोटारीत असते. भर पडते ती उंच नाकाची. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बॉनेटची उंची चाळीस इंचांहून अधिक असलेली वाहने बसक्या, उतरत्या नाकाच्या वाहनांपेक्षा पादचाऱ्यांना सुमारे ४५ टक्के अधिक प्राणघातक ठरतात, असे दिसून आले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ३२,८२५ पादचारी होती. ते सर्व आलिशान मोटारींखाली सापडले असे मुळीच नाही. परंतु एकूण बळींपैकी ७१ टक्क्यांच्या मृत्यूला अतिवेग कारण झाला, ही त्याच वर्षाची सरकारी नोंद आहे. आणि वेग हाच ज्या वस्तूचा मुख्य गुण म्हणून विकला जातो तिच्या खरेदीत या नोंदीचा विचार व्हावयास नको काय?

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तेथील मोटार एसयूव्ही नव्हती; विजेवर चालणारी, बसक्या बांध्याची पोर्शे होती. चालविणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. दुचाकीवरून जाणारे दोन तरुण अभियंते जागच्या जागी गेले. १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती, ही गोष्ट नंतर उघड झाली. जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीने लोकक्षोभ उसळला. खटल्याचे काय व्हावयाचे ते न्यायालयात होईल. परंतु ती मोटार घेताना तिची किल्ली घरात कोणाच्या हाती पडू शकेल, हा प्रश्न कोणत्या तक्त्यात होता?

आपला कायदा या बाबतीत जवळजवळ आंधळा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला हलक्या मोटार वाहनाचा जो परवाना मिळतो तो साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनांना चालतो. जुन्या मारुतीवर चाचणी देऊन तो दुसऱ्या दिवशी ६६६ अश्वशक्तीच्या मोटारीत बसला तर त्यात काही बेकायदा नाही. विम्याचा प्रकारही असाच. रस्त्यावरील इतरांच्या हानीसाठी काढावयाच्या सक्तीच्या विम्यात त्या इतरांना ‘तिसरा पक्ष’ असे म्हणतात. २०२२ च्या अधिसूचनेत पंधराशे घनसेंटिमीटरवरील सर्व खासगी मोटारींसाठी या विम्याचा वार्षिक हप्ता सरसकट ७,८९७ रुपये ठरविण्यात आला. मग ती कुटुंबवत्सल गृहस्थाची असो वा ताशी ३०६ किलोमीटरची. तिसरा पक्ष आपल्या व्यवस्थेला आठवतो तो असा, मेल्यावर आणि सरासरीने.

वास्तविक शक्तीनुसार परवाना ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतची दुचाकी चालविण्याची मुभा दिली आहे आणि त्यापुढील दुचाकीस मनाई केली आहे. युरोपात मोटारसायकलींचे परवाने शक्तीच्या पायऱ्यांनी दिले जातात. ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने तर डिसेंबर २०२४ पासून अतिशक्तिशाली मोटारींसाठी स्वतंत्र परवाना सुरू केला. २०१९ मध्ये ॲडलेडमध्ये एका शाळकरी मुलीचा अशा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला, त्यातून ही सुधारणा निघाली. तेथे आता आधी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि मोटारीची सुरक्षायंत्रणा बंद करून ती चालविणे हाही गुन्हा ठरतो.

या चांगल्या कायद्यातही एक फट राहून गेली आहे. तेथे कसोटी आहे ती शक्ती आणि वजन यांच्या प्रमाणाची: टनामागे २७६ किलोवॉट वा त्याहून अधिक. आपल्या दोन मोटारींचा हिशेब केला तर ‘टर्बो जीटी’चे प्रमाण सुमारे २१२ येते आणि ‘परफॉर्मान्ते’चे सुमारे २२८. म्हणजे दोन्ही सुटतात, आणि सुटतात त्या आपल्या वजनामुळे. जे वजन पादचाऱ्याला अधिक घातक, तेच मालकाला कायद्यातून सूट मिळवून देते. २०२४ मध्ये आलेल्या ‘उरुस एसई’ला विजेची जोड मिळाली, तिची शक्ती ८०० अश्वशक्तीवर गेली आणि बॅटरीमुळे वजनही वाढले. म्हणून आपल्याकडे असा नियम करावयाचा झाल्यास शक्ती आणि वजन यांचा भागाकार न करता दोहोंची स्वतंत्र मर्यादा घालावी लागेल. चारशे अश्वशक्तीपुढील वा दोन टनांपुढील खासगी मोटारीसाठी किमान पाच वर्षांचा निर्दोष अनुभव, वेगळी चाचणी आणि सक्तीच्या विम्याचा चढता दर, एवढे तरी मागणे अवाजवी ठरू नये. कोणाचीही हौस त्याने हिरावली जात नाही. फक्त हौसेची पात्रता तपासली जाते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर अशी मोटार घेणाऱ्याने तुलना जरूर करावी. मात्र तिच्यात चार प्रश्न वाढवावेत. चालकाच्या आसनावरून मोटारीच्या नाकासमोर उभे असलेले सहा वर्षांचे मूल दिसते काय? ताशी साठवरून ती किती मीटरांत थांबते? घरातील नवशिक्याच्या हाती देताना तिची शक्ती आवरून ठेवण्याची सोय आहे काय? आणि आपल्या गल्लीत, आपल्या शाळेच्या रस्त्यावर ती वळते कशी? या प्रश्नांची उत्तरे दाखवणारा विक्रेता देत नसेल तर ती मागावीत. गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज बाजारात कोणतीच गोष्ट मिळत नाही. ज्यांना अशी मोटार घ्यावयाची नाही त्यांनीही आपापल्या नगरसेवकाला आणि आमदाराला हेच प्रश्न विचारावेत. रस्ता ओलांडावयाचा आहे तो त्यांना आणि त्यांच्या मुलांना, उद्या सकाळी, पायी.