मोजणीवांचून आकार नाहीं : घोड्यांच्या जंतांविषयीं दोन शब्द

घोडें बाळगणारा शेतकरी पनवेल तालुक्यांत आतां विरळा झाला असला, तरी घोड्यांशीं आपला संबंध सर्वस्वी तुटलेला नाहीं. शेजारच्या माथेरानास दस्तुरी नाक्यापुढें मोटारींस मज्जाव असल्यानें तेथील प्रवासी व माल यांच्या वाहतुकींत घोड्याचा वांटा अजून मोठा आहे. लग्नसराईंत वरातीस घोडें लागतें, आणि घोड्याची लीद खत म्हणून शेतांत येते.

घोड्याच्या पोटांत जंत असतात हें सर्वांस ठाऊक आहे. त्यावर दर दोन-तीन महिन्यांनीं सगळ्यांस सारखेंच औषध पाजावें अशी वहिवाट पडली आहे. ती आतां मोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या वहिवाटीस मूळ कारण सबळ होतें. १९६६ सालीं अमेरिकेंत ड्रज व लायन्स या संशोधकांनीं दर सहा ते आठ आठवड्यांनीं औषध देण्याची पद्धत सुचविली. त्या काळीं भीति होती ती मोठ्या रक्तशोषक जंताची. त्याच्या अळ्या गवताबरोबर पोटांत जातात व आंतड्यास रक्त पुरविणाऱ्या धमनींत शिरतात. तेथें गुठळ्या होऊन घोडें पोटशूळानें मरतें. या पद्धतीनें तो शत्रु पुष्कळ हटला. परंतु लहान जंतांपैकीं जे औषधांतून वांचले, त्यांचीच प्रजा वाढली. आज फेनबेंडाझोलच्या जातीचीं औषधें अनेक देशांत लहान जंतांवर लागू पडत नाहींत. शिंगरांतील गोल जंत आयव्हरमेक्टिनलाहि जुमानीत नाहींत, असें २००२ सालीं हॉलंडांत आढळलें. ज्या शोधाबद्दल कॅम्बेल व ओमुरा यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांतलेंच हें औषध. आणि १९८० च्या दशकानंतर घोड्यांच्या जंतांवर नव्या कुळांतलें औषध आलेलें नाहीं. हातचें गेलें तर दुसरें नाहीं, ही खरी चिंता आहे.

आमची नोकरी महसूल खात्यांत झाली. तेथील पहिला धडा असा कीं, मोजणी व प्रतबंदी झाल्याखेरीज शेतावर आकार बसत नाहीं. वरकस जमिनीस आणि भातशेतीस एकच दर लावणाऱ्यास शहाणा कोण म्हणेल? घोड्यांचेंहि तसेंच आहे. साधारणतः पागेंतील पांचव्या हिश्श्याचीं घोडीं एकूण अंड्यांपैकीं चार-पंचमांश अंडीं लिदींतून टाकतात. ताजी लीद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून दर ग्रॅमास अंडीं किती, हें मोजतां येतें. ज्या प्रौढ घोड्याचीं अंडीं दोनशेंच्या आंत आहेत, त्यास जादा औषध कशास?

यावर कोणी म्हणेल कीं, केवळ मोजणीवर विसंबल्यास मोठा जंत परत येईल. हा आक्षेप रास्त आहे, कारण मोठ्या व लहान जंतांचीं अंडीं दिसण्यांत सारखींच. डेन्मार्कांत १९९९ पासून पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून हें औषध मिळत नाहीं, व तेथें केवळ मोजणीवर चालणाऱ्या पागांत मोठा जंत अधिक आढळला. म्हणून मधला मार्ग धरावा : वर्षांतून एक-दोन वेळां सर्वांस औषध, आणि त्यावरचें मोजणी पाहून.

अळ्यांस ऊब व ओल लागते. कोंकणांत आषाढापासून आश्विनापर्यंत दोन्ही भरपूर. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हांत उघड्या माळावर त्या मरतात. यास्तव पाऊस सरतांच कार्तिकांत एक पाळी सर्वांस द्यावी, आणि चौदा दिवसांनीं लीद पुन्हां तपासावी, म्हणजे औषध लागू पडलें कीं नाहीं तें कळेल. शिंगरांचा क्रम निराळा आहे. तो पशुवैद्यास विचारावा.

मात्रा नजरेनें ठरवूं नये. छातीच्या घेराचा सेंटिमीटरांत वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या टोंकापर्यंतच्या लांबीनें गुणावें व ११,८८० नें भागावें. वजन किलोंत येतें. घेर १४० व लांबी १३० असल्यास वजन सुमारें २१४ किलो. कमी मात्रा देणें म्हणजे जंतांस तालीम देणें होय.

ठाणावरची लीद रोज उचलावी. ती पावसांत कुरणावर पसरूं नये. खड्ड्यांत रचून कुजवावी, म्हणजे उष्णतेनें अळ्या मरतात व खतहि चांगलें होतें. घोड्यांमागून त्याच कुरणांत गुरें चारावीं. घोड्यांचे बहुतेक जंत गुरांच्या पोटीं वाढत नाहींत, व कुरण स्वच्छ होतें.

एकट्या घोडेवाल्यास ही तपासणी जड जाईल. तिच्यापायीं त्याचा दिवस बुडतो. म्हणून आपल्या संघानें कार्तिकांत नमुने एकत्र गोळा करून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्यानें मोजणी करवावी. १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय परळास आहे. तेथील जाणकारांचें मत अवश्य घ्यावें. आणि प्रत्येक मालकानें घोड्याच्या नांवें एक वही ठेवावी : तारीख, वजन, अंड्यांची संख्या, दिलेलें औषध. एवढे चार रकाने नीट भरले, तर पुढील वर्षीं कोणास औषध द्यावें हें दुकानदारास विचारण्याची गरज पडणार नाहीं.