विश्लेषण : भाड्याच्या ई-वाहनांची स्थानके शहरांना का हवीत? पॅरिसची योजना का बंद पडली?

मेट्रोतून उतरल्यावर घर दीड-दोन किलोमीटरवर राहते. रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो, बस कधी येईल याचा भरवसा नाही. मग माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो आणि एकदा ती दारात आली की मेट्रोचीही गरज संपते. हे मधले अंतर भरून काढायला भाड्याच्या ई-वाहनांची स्थानके उपयोगी पडू शकतात. प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी, जागेचा आणि कराराचा जास्त आहे.

स्थानक म्हणजे नेमके काय?

ठरवून दिलेल्या जागी काही ई-स्कूटर वा ई-मोटारी आणि शेजारी चार्जर. मोबाइलवरून कुलूप उघडायचे, मिनिटांप्रमाणे पैसे भरायचे आणि गाडी दुसऱ्या स्थानकात लावायची. कुठेही सोडून जाण्याची मुभा दिली की काय होते, ते पॅरिसने अनुभवले. फुटपाथ अडवणाऱ्या भाड्याच्या उभ्या ई-स्कूटरवर तिथे एप्रिल २०२३ मध्ये कौल घेतला गेला. मतदान आठ टक्क्यांहूनही कमी झाले, पण त्यातल्या सुमारे ८९ टक्के लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबरपर्यंत त्या रस्त्यावरून गेल्या.

मग स्थानके असलेली योजना तरी टिकली का?

तीही याच पॅरिसमध्ये टिकली नाही. डिसेंबर २०११ मध्ये 'ऑटोलिब' सुरू झाली. बोलोरे समूहाच्या सुमारे चार हजार छोट्या ई-मोटारी, अकराशेच्या आसपास स्थानके आणि पॅरिससह भोवतालच्या शंभरेक नगरपालिका. सदस्यसंख्या दीड लाखाच्या घरात गेली, म्हणजे लोकांना योजना हवी होती. पण अ‍ॅपवरच्या टॅक्सी स्वस्त झाल्या, आतून अस्वच्छ मोटारींच्या तक्रारी वाढल्या आणि हिशेब जुळेना. करारात कंपनीच्या तोट्याला सहा कोटी युरोंची मर्यादा होती. त्यापुढचा भार नगरपालिकांवर. २०२३ पर्यंतचा तोटा २९ कोटी युरोंच्या पुढे जाईल, असे कंपनीने सांगितल्यावर जून २०१८ मध्ये नगरपालिकांनी करारच मोडला. चार्जिंगचे खांब तेवढे पुढे इतर ई-मोटारींच्या कामी आले.

कोळशाच्या विजेवर ही वाहने 'हिरवी' कशी?

हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ई-स्कूटर एका युनिटमध्ये ३०-३५ किलोमीटर धावते, म्हणजे किलोमीटरला साधारण २०-२५ ग्रॅम. पेट्रोलच्या स्कूटरचा आकडा ५०च्या आसपास. फायदा आहेच. मात्र ती फेरी पूर्वी पायी किंवा बसने होत असेल, तर प्रदूषण कमी न होता वाढते. भाड्याची ई-वाहने खासगी गाडीची जागा घेतात की पायी चालण्याची, यावर सगळे अवलंबून आहे आणि ते स्थानक कुठे आहे यावर ठरते. बाजारपेठेच्या मधोमध ठेवलेली स्कूटर बसचे प्रवासी पळवील. वनाज किंवा रामवाडी मेट्रोबाहेरची स्कूटर बहुधा दुचाकीची खरेदी टाळेल.

पुण्यात अडते कुठे?

२०१७च्या अखेरीस औंध आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या सायकली आल्या, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. चोऱ्या आणि मोडतोड झाली आणि कंपन्या निघून गेल्या. दोष नागरिकांना देऊन विषय मिटवला गेला. पण ज्या शहरात स्वतःची गाडी रस्त्यावर रात्रंदिवस फुकट उभी करता येते, तिथे कोण मिनिटांचे पैसे मोजेल? पालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण आणले. शुल्काचा मुद्दा येताच विरोध झाला आणि ते रखडले.

स्थानकासाठी जागा लागेल ती याच फुकटच्या पार्किंगमधून, फुटपाथमधून नव्हे. एका मोटारीच्या जागेत चार-पाच स्कूटर सहज मावतात. जागा पालिकेची असल्याने अटीही पालिकेच्याच हव्यात : दर स्थानकात सकाळी किमान किती चालू गाड्या असतील, नादुरुस्त गाडी किती तासांत हलवली जाईल, तोटा कोण सोसेल आणि कंपनी गेली तर चार्जर कोणाचे. निविदेत हे चार मुद्दे आहेत का, एवढे नगरसेवकांनी सभेत विचारावे.