थोडी घेतली की शुगर उतरते?

मधुमेह झालेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात. कारलं, मेथी, जांभळाच्या बिया. हल्ली त्यात आणखी एक भर पडली आहे : रोज थोडी घेत जा, शुगर ताब्यात राहते, परदेशात संशोधन झालंय म्हणे. हा सल्ला बाहेरचेच देतात असं समजू नका. आपल्या मोहल्ल्यातही तो हळूच कानात सांगितला जातो.

दारू हराम आहे, हे ठरवायला मला प्रयोगशाळा लागत नाही. पण कुणी संशोधनाचं नाव घेऊन दिशाभूल करत असेल, तर त्याला संशोधनानेच उत्तर द्यायला हवं.

थोडी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, असं काही पाहण्यांत दिसलं हे खरं. पण तुलना कुणाशी? ‘न पिणाऱ्यां’शी. या रकान्यात अनेकदा आजारपणामुळे दारू सोडलेलेही असतात. आजाऱ्याच्या शेजारी उभं राहून आपण धडधाकट असल्याचं मिरवण्यातला हा प्रकार. आयुष्यात थेंबही न घेतलेली माझी नानी त्या रकान्यातली नव्हे.

हा गुंता सोडवायला जनुकं कामी आली. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत एएलडीएच२ या जनुकाचा एक वेगळा प्रकार जन्मतः असतो. दारूपासून शरीरात बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड त्यांच्यात लवकर मोडत नाही. चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. कोण किती पिणार याच्या चिठ्ठ्या जणू जन्मालाच टाकलेल्या. त्यात शिक्षण, पैसा, आजारपण यांची भेसळ फारशी होत नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये चीनमधल्या सुमारे १ लाख ६० हजार लोकांचा असा जनुकीय हिशेब आला, तेव्हा थोड्या दारूने पक्षाघात टळतो हा जुना दावा टिकला नाही. तीच जनुकं असलेल्या, पण क्वचितच पिणाऱ्या बायकांत त्या जनुकांमुळे फरक पडला नाही. म्हणजे दोष दारूचाच. शुगरचा दावाही त्याच जातीच्या पाहण्यांवर उभा आहे.

मग प्यायल्यावर मशीन कमी आकडा का दाखवतं? यकृत दारू मोडण्यात गुंतलं की नवं ग्लुकोज बनवणं मंदावतं. हा इलाज नव्हे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा उपाशीपोटी प्यायला, तर काही तासांनी, अगदी झोपेतही, त्याची साखर जीवघेणी खाली जाऊ शकते. घाम, अडखळती जीभ, जाणारा तोल. बघणाऱ्याला वाटतं, चढली आहे.

आणि इथे आपली बनवाबनवी आड येते. ‘आमच्यात पीत नाहीत’ म्हणून आपण मोकळे. नाव बघून डॉक्टर विचारत नाही, रुग्ण सांगत नाही, बायकोला ठाऊक असतं पण इज्जतीपायी ती गप्प बसते. अशा माणसाला तौबा करायला जरूर सांगा. त्याच दिवशी डॉक्टरला खरं सांगायलाही लावा. रात्री तो घामाघूम होऊन बरळू लागला तर शिव्या नंतर द्या, आधी साखर मोजा. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजा. नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा, आणि तो प्यायला आहे हे तिथे स्पष्ट सांगा.