आधी पाना, मग बोल्ट
मोटरसायकलचं इंजिन घरी उघडायचं असेल, तर स्क्रू पाना आधी बाजूला ठेवा. त्याचा जबडा सैल असतो, बोल्टचे कोपरे खातो, आणि एकदा कोपरे गोल झाले की छिन्नी-हातोडी आलीच. सहा कोनांचा सॉकेट किंवा रिंग पाना बोल्टला चहूबाजूंनी धरतो. साइड कव्हरचे स्टार स्क्रूही नीट निरखा. जपानी घडणीच्या गाड्यांवर अनेकदा स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. तो जपानी मापाचा, जेआयएस स्क्रू. त्यात साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरता बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच खरवडून टाकतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या गाडीचे असे दोन स्क्रू शेवटी ड्रिल मारून काढावे लागले. फार वाईट वाटलं. आणि टॉर्क रेंच घ्याच. चेंबर ॲल्युमिनियमचा, ऑइलचा ड्रेन बोल्ट पोलादी. ‘अजून थोडा’ म्हणत आवळला की चेंबरचे आटे जातात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरचा आकडा असतो, तो रेंचवर लावायचा आणि ‘कट्’ आवाज आला की हात थांबवायचा.